पटवारी म्हणतो प्रोबेट आणा : मृत्युपत्र अन् वारसाचे काही प्रश्न

मागे मृत्युपत्रावर दोन ओळी लिहिल्या अन् तेव्हापासून प्रश्नांची रांगच लागली. निम्म्या लोकांना एकच विचारायचंय, प्रोबेटला किती दिवस लागतात. गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच जणांना प्रोबेट लागतच नाही. एकेकाचं घेतो. नावं गाळलीत, गावंही मोघम ठेवलीत, आपल्याकडे तालुका सांगितला की लोक घर ओळखतात.

यवतमाळ जिल्ह्यातून : वडील दिवाळीनंतर गेले. साडेसहा एकर वावर माझ्या नावानं मृत्युपत्र करून ठेवलंय, रजिस्टर केलेलं. दोन बहिणी आहेत, लग्न झालेल्या. पटवारी म्हणतो प्रोबेट आणा मग नाव चढवतो. कोणी म्हणतं वर्ष लागेल. मग जूनमध्ये पीककर्ज कसं उचलू?

भाऊ, आधी घाबरणं सोडा. प्रोबेट म्हणजे काय, तर हे मृत्युपत्र खरं आहे, कायद्याप्रमाणे केलेलं आहे असं कोर्टानं शिक्का मारून सांगणं. त्याची सक्ती होती ती १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ मध्ये, पण हिंदू, बौद्ध, जैन, शीख लोकांसाठी ती कुठे होती, तर मुंबई अन् मद्रास हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीत आणि जुन्या बंगालच्या इलाख्यात. म्हणजे इंग्रजांच्या शहरांतली भानगड. तुमच्या यवतमाळात बसून यवतमाळातल्याच वावराचं केलेलं मृत्युपत्र त्यात कधी आलंच नाही, अन् आता तर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ते कलम २१३ च काढून टाकलंय.

मग पटवारी का मागतो? त्याला अंगावर घ्यायचं नसतं हो. उद्या बहीण आली अन् म्हणाली आम्हाला न विचारता नाव कसं चढवलं, तर त्याची नोकरी. म्हणून कोर्टाचा कागद आणा म्हणून मोकळं व्हायचं. त्याच्याशी भांडू नका, लेखी अर्ज द्या. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची नावं पत्त्यासकट. बहिणींची नावं लपवायची नाहीत, लोक इथेच चुकतात. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. मग पटवारी, म्हणजे कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, नमुना सहामध्ये फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस, अन् हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सगळं सुरळीत असलं तर महिना-दीड महिन्यात सातबारा हातात येतो. तोंडी नकार मिळाला तर नम्रपणे म्हणायचं, साहेब हेच लिहून द्या. बऱ्याचदा तेवढ्यानंच गाडी हलते.

पण खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, तो मी विचारतो. हे साडेसहा एकर वडिलांनी स्वतः घेतलेलं की आजोबाकडून आलेलं? स्वतःचं असेल तर ते कोणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्रानं फक्त त्यांचा स्वतःचा हिस्सा देता येतो, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मानं वाटेकरी आहे, अन् २०२० मध्ये विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते पक्कं केलं. अशा वेळी प्रोबेट आणलं तरी बहिणींचा वाटा जात नाही. प्रोबेटचं कोर्ट मृत्युपत्र खरं की खोटं एवढंच पाहतं, वावर कोणाचं ते पाहत नाही. तेव्हा जून गाठायचा असेल तर कोर्टात जायच्या आधी बहिणींच्या घरी जा, चहा घ्या, काय म्हणतात ते ऐकून घ्या.

अमरावती जिल्ह्यातून : सख्खा भाऊ मृत्युपत्र खोटं आहे म्हणतो, म्हणून मला प्रोबेट घ्यायचंच आहे. खरं सांगा, किती दिवस?

कोणी आडवं आलं नाही तर आपल्याकडे साधारण सहा महिने ते वर्ष. आडवं आलं तर वर्षं मोजायची, महिने नाही.

दिवस जातात कुठे ते सांगतो. कायद्यानं बघाल तर माणूस गेल्यावर पूर्ण सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही, म्हणजे तेरवीच्या आतच ती अट संपलेली असते. पण घरात मृत्युपत्र सापडतं तेरवीनंतर, दाखल करायचा विचार होतो पेरणीनंतर, अन् वकिलाकडे येतात दिवाळीला. तो वेळ कोर्टाच्या नावावर टाकू नका. अर्जाला तीन वर्षांची मुदत धरतात, ती साधारण वाद उभा राहिला तेव्हापासून मोजतात, पण जितका उशीर तितका संशय, समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की एवढे दिवस हे मृत्युपत्र कुठे होतं.

अर्ज जातो जिल्हा न्यायालयात, किंवा अधिकार दिलेले असतील तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. सोबत मूळ मृत्युपत्र, झेरॉक्स नाही. मालमत्तेची यादी अन् किंमत, कारण कोर्ट फी किमतीवर बसते. मग नोटिसा आणि पेपरात जाहीर प्रगटन, मग साक्षीदाराची साक्ष, मग आदेश. ऐकायला सोपं वाटतं.

आता नोटिशीचंच घ्या. एका केसमध्ये एक बहीण सुरतेला, पत्ता दिला तो तिच्या लग्नाच्या वेळचा. पहिलं पाकीट परत आलं, पोस्टमननं वर निळ्या पेनानं लिहिलेलं, ‘घर बंद’. पुढची तारीख दोन महिन्यांनी. दुसरं पाकीट परत, ‘पत्त्यावर राहत नाही’. परत तारीख. बहीण तिकडे मजेत होती अन् रोज फोनवर भावाशी बोलत होती, पण नवा पत्ता कोर्टात द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पाच महिने त्या पाकिटात गेले. म्हणून अर्जाच्या आधीच वहीत सगळ्यांचे आजचे पत्ते लिहून घ्या, पिनकोडसकट.

दुसरा घोळ नावाचा. मृत्यूच्या दाखल्यावर रामराव, सातबाऱ्यावर रामा, आधारवर रामभाऊ. गावात सगळ्यांना माहीत आहे हा एकच माणूस, कोर्टाला कसं माहीत असणार. प्रतिज्ञापत्र करून एकच व्यक्ती असल्याचं आधीच जोडा.

तिसरं, आपल्या गावाकडच्या मृत्युपत्रांत अंमलबजावणी कोण करणार त्याचं, म्हणजे एक्झिक्युटरचं, नावच नसतं. नियमानं प्रोबेट मिळतं ते त्या नेमलेल्या माणसालाच. नाव नसेल तर ज्याला मालमत्ता दिली त्यानं मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मागायचं, तिथे सातऐवजी चौदा दिवसांची अट आहे. काम तेच, नाव वेगळं. पण चुकीच्या नावाचा अर्ज टाकला तर दुरुस्तीत दोन तारखा जातात.

तुमचा भाऊ हरकत घेणारच म्हणताय, तर हे लक्षात ठेवा की त्यानं लेखी विरोध केला की प्रकरणाचा दावाच होतो, रीतसर, साक्षी-उलटतपासासकट. वडील तेव्हा शुद्धीवर होते का, डॉक्टर कोण, अंगठा का घेतला सही येत असताना, लिहिणारा कोण, तुम्ही त्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात उभे होते का, हे सगळं निघतं. तुम्ही स्वतः गाडी करून वडिलांना नेलं असेल तर तेही निघेल, खरं सांगायचं. त्यात चार-पाच वर्षं धरून चला, वर नागपूर खंडपीठात अपील झालं तर अजून. मी तर पक्षकाराला पहिल्या दिवशीच विचारतो, भावाला किती दिलं तर तो सही करेल? आकडा ऐकून राग येतो, पण पाच वर्षांचा खर्च मांडला की तोच आकडा लहान वाटतो.

वर्ध्याकडून एक ताई : मृत्युपत्रावरचे दोन्ही साक्षीदार वारले. कागद बाद झाला का?

नाही ताई. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, अन् कोर्टात सिद्ध करताना त्यातला निदान एक हयात असेल तर त्याला उभं करावं लागतं. दोन्ही नसतील तर एका साक्षीदाराची सही त्याचीच आहे अन् मृत्युपत्र करणाऱ्याची सही त्यांचीच आहे असं ओळखणारा माणूस आणायचा. मुलगा असेल, सोसायटीचा जुना सचिव असेल, ज्यानं ती सही वर्षानुवर्षं पाहिली तो. जुनी पासबुकं, कर्जाचे कागद सांभाळून ठेवा, सही ताडायला कामी येतात. अन् ज्यांना अजून मृत्युपत्र करायचंय त्यांनी आपल्याच वयाच्या मित्राला साक्षीदार करू नका बाप्पा, पस्तीस-चाळीसचा कोणी घ्या. स्टॅम्प पेपरची गरज नाही, रजिस्ट्रेशनचीही सक्ती नाही, पण करून घेतलेलं बरं.

अकोला जिल्ह्यातून एक काकू : मृत्युपत्र नाही. यांच्या नावानं एका बँकेत एफडी आहे, नॉमिनी लावलेला नाही. बँकवाले म्हणतात कोर्टाचं सर्टिफिकेट आणा. म्हणजे प्रोबेटच का?

नाही काकू, मृत्युपत्रच नाही तर प्रोबेट कशाचं. ते म्हणतात ते वारसा प्रमाणपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट. ते फक्त पैशासाठी चालतं, ठेवी, शेअर, येणं असलेली रक्कम, वावर अन् घराला नाही. अर्ज टाकल्यावर नोटीस-प्रगटन होऊन कोणाचा वाद नसेल तर पाच-सहा महिन्यांत निघतं, कोर्ट कधीकधी जामीन मागतं.

पण थांबा, आधी रक्कम किती ते पहा. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढलेत, नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, वाद नसेल तर बँकेनं सोप्या पद्धतीनं द्यायचं, कोर्टाचा कागद न मागता, क्लेम फॉर्म, नुकसानभरपाईचा बाँड अन् बाकी वारसांची ना-हरकत एवढ्यावर. बँकांना हे लागू करायला ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली होती. सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत निकाल लावायचा, उशीर बँकेमुळे झाला तर ठेवीवर व्याजाची भरपाईही आहे. तेव्हा काउंटरवरच्या पोराशी वाद घालू नका, मॅनेजरच्या नावानं अर्ज द्या अन् पोच घ्या. पोचीवर शिक्का अन् तारीख दोन्ही पाहिजे, नुसती सही घेऊन घरी येऊ नका.

जाताजाता, ज्यांच्याकडे नॉमिनी आहे त्यांचाही एक गैरसमज. नॉमिनी म्हणजे मालक नाही, पैसे बँकेतून उचलून वारसांना द्यायचा तो माणूस. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शेअरच्या बाबतीतही हेच सांगितलं.

बुलढाणा जिल्ह्यातून : वडील मुंबईला गिरणीत होते, लालबागची खोली माझ्या नावानं मृत्युपत्रात लिहिली. मृत्युपत्र गावी केलं. आमचं गाव विदर्भात म्हणजे प्रोबेट नको ना?

इथे गाव कुठलं ते चालत नाही, मालमत्ता कुठे ते चालतं. लालबाग मुंबई शहरात, म्हणून गावी केलेल्या मृत्युपत्रालाही जुन्या कायद्यानं प्रोबेट लागायचं. हीच खोली ठाण्याला किंवा कल्याणला असती तर लागलं नसतं. आता कलम २१३ गेल्यामुळे सक्ती राहिली नाही, पण आधी चालू असलेली प्रकरणं अन् जुने मृत्यू यांचं तिथल्या वकिलाकडून नीट तपासून घ्या. सोसायटी किंवा चाळमालक तरी कागद मागू शकतात, अन् भाऊबंद भांडत असतील तर प्रोबेट घेतलेलं केव्हाही बरं, कारण त्याचा निकाल सगळ्या जगावर बंधनकारक असतो. आणखी एक, खोली पागडीची असेल तर ती वडिलांच्या मालकीची नव्हतीच, भाडेहक्क होता, अन् तो मृत्युपत्रानं देता येतो का हा वेगळाच झगडा आहे. आधी भाडेपावती काढून पहा कोणाच्या नावाची आहे.

वाशीम जिल्ह्यातून : आजोबा १९९६ ला गेले. सातबारा अजून त्यांच्याच नावावर. आता आठ वारस झाले, दोघं तर पुण्याला. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर अडचण येते. कोर्टात जावं लागेल का?

वाद नसेल तर नाही. हे दुखणं घरोघरचं आहे म्हणून तर २०२५ मध्ये बुलढाण्यातून जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली अन् एप्रिलपासून ती राज्यभर नेली, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. पटवाऱ्याकडे किंवा ई-हक्क पोर्टलवर अर्ज टाका. यात मेख एकच, आजोबानंतर जे जे गेले त्या प्रत्येकाचा दाखला लागतो, वंशावळीत एकही कडी तुटलेली चालत नाही. काका गेला असेल अन् त्याच्या मृत्यूची नोंदच केली नसेल तर आधी ते काम, अन् वर्षापेक्षा जुना मृत्यू नोंदवायला अधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्यात एक-दोन महिने धरा. आठही नावं एकदम लावा. वाटणी मागून करता येते, हक्कसोड करायची तर तीही मागून रजिस्टर करता येते, अन् शंभरच्या स्टॅम्पवर बहिणींची सही घेऊन ठेवली म्हणजे झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, नोंदणी नसलेल्या हक्कसोडीवर फेरफार होत नाही. पुण्याच्या दोघांना उन्हाळ्यात लग्नाला याल तेव्हा आधार अन् फोटो घेऊन या म्हणून आत्ताच सांगून ठेवा.