बंद अणुभट्टीला पाणी कशाला?

प्रश्न : फुकुशिमाच्या चालू अणुभट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या, असं वाचलं. मग त्या वितळल्या कशा? बंद केलेली इस्त्री थोडा वेळ गरम राहते, तसंच ना हे? आम्ही तारापूरजवळ राहतो, म्हणून विचारते.
– एक वाचक, बोईसर

उत्तर : ताई, इस्त्रीत असते ती उरलेली उष्णता. अणुभट्टीत ती बंद केल्यावरही नव्याने तयार होत राहते. युरेनियमचं विखंडन, म्हणजे अणू फुटणं, थांबतं, पण त्यातून आधीच तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं क्षय पावत, म्हणजे आपोआप बदलत, उष्णता देत राहतात, आणि त्यांना थांबवणारं बटण नाही.

२२० मेगावॅट विजेसाठी आपल्या देशातली भट्टी साधारण ७५० मेगावॅट उष्णता निर्माण करते. बंद केल्याक्षणी त्यातली सहा टक्क्यांहून जास्त चालूच असते, म्हणजे दोन किलोवॅटचे बावीस हजार गीझर! तासाभराने दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का. तरी दोनेक हजार गीझर उरतातच.

११ मार्च २०११ ला भूकंपाने बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले आणि पाऊण-एक तासात त्सुनामीने तेही बुडवले. ही उष्णता वाहून नेणारं पाणी फिरवायला वीज उरली नाही, आणि भट्ट्यांमधलं इंधन वितळलं.

मी तीस वर्षं पंपांच्या कामात घालवली, तरी मला सर्वांत मोलाची वाटते ती पंपाविना चालणारी सोय. तुमच्या गच्चीवर सोलर बंब असेल तर पाहा : टाकी वर, पॅनेल खाली. तापलेलं पाणी हलकं होऊन चढतं, गार पाणी उतरतं. आपल्या जड पाण्याच्या (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो अशा पाण्याच्या) भट्ट्यांत वाफ तयार करणारे बॉयलर असेच भट्टीच्या वर बसवलेले असतात.

३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात याची परीक्षा झाली. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि सुमारे सतरा तास केंद्रात वीज नव्हती. भट्टीतलं जड पाणी आपसूक फिरत राहिलं. पण वर चढलेली उष्णता घ्यायला बॉयलरमध्येही पाणी हवं ना! कर्मचाऱ्यांनी अग्निशमनाचे डिझेल पंप चालवून ते पोहोचवलं. त्या अंधारात, धुरात काम करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. किरणोत्सार बाहेर पडला नाही.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या याच जातीच्या. पहिल्या दोन १९६९ च्या, वेगळ्या बनावटीच्या. तिथे पाणी भट्टीतच उकळतं. मात्र बंद केल्यावरची उष्णता चौघींनाही चुकलेली नाही. म्हणून कुठल्याही केंद्राबद्दल माझा पहिला प्रश्न एकच असतो : वीज गेली तर पाणी कोण देणार?