एलईडी पार टांगण्याआधी कागद घे

अरे, नाटकाला एलईडी पार, म्हणजे स्टेजवरचे रंग बदलणारे दिवे, लावायचे तर कन्सोल (दिवे चालवायचं पॅनेल) कुठला घेऊ, असं विचारतोस, ते नंतर बघू. आधी दोन तालमी बघ आणि कागदावर प्लॅन काढ, कुठला पार कुठल्या बारवर (दिवे टांगायच्या आडव्या पाइपवर), त्याचा ॲड्रेस काय, म्हणजे त्याचे चॅनेल कितव्या नंबरपासून सुरू होतात. चॅनेल म्हणजे रंग, उजेड अशा एकेका गोष्टीचा कंट्रोल. बारा पार आठ चॅनेलच्या मोडवर असतील तर पहिला १, दुसरा ९, तिसरा १७, असं करत शेवटचा ८९. एकूण ९६ चॅनेल झाले, डीएमएक्सच्या (कन्सोलचे हुकूम दिव्यांपर्यंत नेणाऱ्या पद्धतीच्या) एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका लाइनमध्ये, ५१२ मावतात. ॲड्रेस जमिनीवरच सेट कर आणि पारवर चिकटपट्टी लावून मार्करने लिही. शिडीवर चढून ती इवलीशी बटणं दाबणं म्हणजे शिक्षा!

केबलमध्ये काटकसर नको. मी एका एकांकिकेला माइकची केबल वापरली होती. ऐन शोकप्रसंगात तीन पार डिस्कोसारखे लुकलुकले, प्रेक्षक हसले. डीएमएक्सची केबलच घे. एका पारातून दुसऱ्यात अशी साखळी कर, मधेच वाय जोड (एका केबलचे दोन फाटे) नको. शेवटी टर्मिनेटर लाव, म्हणजे प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांवर १२० ओहमचा रेझिस्टर. घरीच डाग देऊन होतो.

आणि हो, एलईडीला डिमरवरून (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावरून) वीज देऊ नकोस, थेट सप्लाय दे. प्रत्येकाला सेफ्टी चेन. चेहऱ्यावर नुसता आरजीबीचा (लाल, हिरवा, निळा मिसळून केलेला) पांढरा मारलास तर नट आजारी दिसतात, समोरून वॉर्म व्हाइट (पिवळसर पांढरा) हवाच.