मापाने ओत

प्रिय मित्रा,

कोरोनाची साथ आल्यापासून दारू पिणं किती वाढलं हे तुला सांगता येत नाही, आणि तू थेट विचारतोस, कायमचं बंद करू का? आधी मापाने ओत. उत्तर त्यानंतर.

बारमध्ये पेग मोजून मिळतो, बार ठरल्या वेळी बंद होतो आणि नंतर घर गाठायचं असतं. साथीत घरीच प्यायला लागल्यावर हे तिन्ही लगाम एकदम सुटले. घरी अंदाजाने ओतलेला ६० मिलीचा पेग सहज ८० चा होतो. ग्लास बसका नि रुंद असला तर हटकून. असे तीन घेतलेस की तोंडाने म्हणतोस तीन, पोटात गेलेले असतात चार. ग्लास रिकामा व्हायच्या आत वरून भरलास तर तेवढाही हिशेब उरत नाही. म्हणून मापाने ओत!

गणित सोपं आहे. मिली गुणिले बाटलीवरचे अल्कोहोलचे टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. हे झाले शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ४० टक्क्यांच्या त्या २४० मिलीत ७६ ग्रॅम निघतात. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं, म्हणजे रात्री अकराला संपवलेलं सकाळीही रक्तात असू शकतं. आणि ‘मी फक्त बिअर घेतो’ हे मला सांगू नकोस. ८ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये ३२ ग्रॅम असतात.

ग्लासइतकंच घड्याळाकडे बघ. ऑफिसचं जाणं-येणं थांबलं की पहिला पेग आठवरून सहावर सरकतो. झोपेसाठी पितोस म्हणालास. डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते. वहीत तीनच रकाने कर: वेळ, मिली, टक्के. याला लोक अतिरेक म्हणतात. म्हणू देत, मी हटणार नाही.

आता नीट वाच. सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, एक घोट घेतल्यावरच बरं वाटत असेल, तर एकदम बंद करू नकोस. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. यात जीवही जातो. दारूची दुकानं बंद झाल्याने पिणं थांबलं तरी धोका हाच. सॅनिटायझर किंवा कुठून तरी मिळालेली दारू तोंडाला लावू नकोस. इराणमध्ये २०२० साली मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने शेकडो माणसं गेली.

अशी लक्षणं असतील तर आजच डॉक्टरांना गाठ. वही नंतर भरता येईल. नसतील तर दोन आठवडे भर आणि मला पाठव, एकही रात्र न गाळता.

तुझा,
काका