धडगाव तालुक्यातून एम.एस्सी. फिजिक्ससाठी जळगावला जातेय. जवळ फक्त मोबाइल आहे. विद्यापीठाच्या डिजिटल शिक्षणात मी मागे पडेन का?

नाही पडणार. वयाने लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते. मी याच विद्यापीठातून फिजिक्स केलं आणि आता खान्देशातल्याच एका कॉलेजात शिकवते. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेल्या मुली माझ्या वर्गात दरवर्षी असतात, त्यामुळे तू लिहिलेली धडकी माझ्या ओळखीची आहे: माहितीपत्रकात स्मार्ट बोर्ड न् वाय-फाय, आणि गावात रेंजसाठी टेकडी चढायची.

स्मार्ट बोर्डाची धास्ती घेऊ नकोस. तो शेवटी शिकवणाऱ्याचा फळा. तुझ्या कामाचं आहे ते रेकॉर्ड केलेलं लेक्चर. तुझी घरची बोली पावरी, वर्गात मराठी, पुस्तक इंग्रजी. मी अहिराणी घरातली. पहिल्या सत्रात सर 'डिजनरसी' म्हणाले की मी तो शब्द वहीत उतरवायची आणि तिथेच अडकायची, तोवर सर दोन पानं पुढे. हात वर करायची हिंमत नव्हती. पुढे एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन लेक्चर्सवर, तोच भाग चार वेळा मागे नेऊन ऐकला तेव्हा उमगलं: अवस्था वेगवेगळ्या, ऊर्जा मात्र एकच. एवढंच होतं ते! पण त्या एवढ्याशासाठी माझे दोन महिने गेले. तुझे जाऊ नयेत, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

हे कोर्स 'स्वयम' पोर्टलवर आहेत. केंद्र सरकारने ते 2017 मध्ये सुरू केलं. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन पेपर द्यायचा. एनपीटीईएलच्या कोर्समध्ये साधारणपणे 25 टक्के गुण असाइनमेंटचे आणि 75 टक्के परीक्षेचे असतात. यूजीसीच्या 2021 च्या नियमाप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट (पदवीसाठी प्रत्येक विषयाचे मोजले जाणारे अंक) या मार्गाने घेता येतात, पण तो कोर्स आपल्या संस्थेने मान्य केलेला असावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीने बारा आठवडे राबून कोर्स पूर्ण केला, परीक्षाही पास झाली. तिच्या कॉलेजने त्या कोर्सची मान्यताच घेतली नव्हती, म्हणून क्रेडिट धरले नाहीत. तिचा पडलेला चेहरा आठवला की आजही संताप येतो. तू नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना विचार आणि उत्तर लेखी घे.

हॉस्टेलला असताना रात्री लेक्चर डाउनलोड करून ठेवत जा. दिवाळीला गावी जाशील तेव्हा मेमरी कार्डावर सगळं सोबत असेल. घरी डीडी फ्री डिश असेल तर 'स्वयम प्रभा'ची शैक्षणिक चॅनलं इंटरनेटशिवाय दिसतात. तोच पाठ दिवसातून अनेकदा पुन्हा लागतो, म्हणजे सकाळी लाइट गेली तरी संध्याकाळी बघता येतो.

आता प्रॅक्टिकल. 'व्हर्च्युअल लॅब्स'वर बरेच प्रयोग स्क्रीनवर करता येतात आणि खऱ्या प्रयोगाच्या आदल्या रात्री ते जरूर करावेत, आकृती डोक्यात बसते. पण तेवढ्यावर भागवू नकोस. स्क्रीनवरचा सोडियम दिवा एका क्लिकवर पिवळा होतो. खरा दिवा आधी गुलाबी-तांबडा पेटतो, मग हळूहळू पिवळा होत जातो, तोवर थांबावं लागतं. स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण केसभर सरकवत पिवळी रेघ क्रॉसवायरवर आणायची, श्वास धरून. कधी नीट बसवलेल्या ग्रेटिंगमधून, म्हणजे प्रकाश फोडणाऱ्या बारीक रेघांच्या काचेतून, त्या एका रेघेच्या दोन होतात: 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. मला त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मैत्रिणीला ओढून आणून दाखवल्या होत्या. जळगावला यायचं ते यासाठी. व्हिडिओ तर टेकडीवरही उतरतो.

लॅपटॉपसाठी कर्ज काढू नकोस. प्रोग्रॅमिंगचे तास कॉम्प्युटर लॅबमध्ये होतात, तिथे तासाव्यतिरिक्त कधी बसता येतं ते पहिल्याच आठवड्यात विचार. ग्रंथालयातही जाऊन भेट, कॅम्पसच्या नेटवर्कवरून कोणती जर्नलं उघडतात ते तिथली माणसं दाखवतील. 'शोधगंगा'वरचे प्रबंध मात्र कुठूनही फुकट वाचता येतात.

आणि निघण्याआधी एक काम कर. क्रेडिट जमा व्हायला एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला खाते क्रमांक, लागतो, तो डिजिलॉकरमधून निघतो आणि आधारवरचं नाव कॉलेजच्या नोंदीशी जुळावं लागतं. तुमच्याकडे 'पावरा' आडनाव इंग्रजीत एका कागदावर डब्ल्यूने तर दुसऱ्यावर व्हीने लिहिलेलं असतं. तुझंही तसं असेल तर दुरुस्ती धडगावलाच करून घे. प्रवेशाच्या गर्दीत त्यासाठी परत गावी जायचं म्हणजे दोन दिवस मोडतात.