चौथीच्या मुलीला ‘एक देश, एक निवडणूक’ देऊ नका

तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर ती चौथीतली मुलगी डोळ्यांपुढून हलली नाही. तिसरी ते दहावी अशी सगळ्या शाळेची वादविवाद स्पर्धा, तीन गट, पण वरून आलेली विषयांची यादी तिन्ही गटांना एकच. त्यातला ‘एक देश, एक निवडणूक’ तिच्या वाट्याला आला आणि ती घरी जाऊन रडली. कुठल्या वयाला कुठले विषय द्यावेत, असं तुम्ही विचारलंय. मी 26 वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं मुलांना घेऊन स्पर्धांना हिंडले, तीही बहुतेक मराठवाड्यातल्या खेड्यांत. माझं म्हणणं तेवढ्या अनुभवापुरतंच धरा. शहरातल्या इंग्रजी शाळांत संसदीय पद्धतीने वादविवाद होतात, त्यातलं मला काही कळत नाही. वेळ, घंटा, परीक्षक कोण, हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

आधी त्या यादीबद्दल. ‘विज्ञान : शाप की वरदान’, ‘स्त्रीशिक्षणाची गरज’, ‘भ्रष्टाचार : समाजाला लागलेली कीड’ हे निबंधाचे विषय आहेत. स्त्रीशिक्षणाच्या विरोधात कुठल्या मुलीला उभं करणार? आणि विज्ञान शाप आहे असं समजा ठरलं, तर दुसऱ्या दिवशी कोण काय वेगळं करणार आहे? काही ठरवायचंच नसतं, म्हणून मुलं नुसती नटवलेली वाक्यं पाठ करतात. विषय निवडताना मी एकच बघायचे : यावर कुणाला तरी खरोखर निर्णय घ्यावा लागलाय का, आणि तो घेताना जाणती माणसं इकडची तिकडे गेली आहेत का? तसं असेल तर दोन्ही बाजूंना बळ आहे, मूल कुठल्याही बाजूला गेलं तरी त्याला बोलायला काहीतरी सापडतं.

चौथीपर्यंत मात्र वादविवाद घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. त्या वयात ‘मला असं वाटतं, कारण...’ एवढं नीट सांगता आलं तरी खूप झालं. वर्गाची एक भिंत ‘हो’ची, समोरची ‘नाही’ची. विषय सांगायचा, मुलांनी आपापल्या भिंतीशी जाऊन उभं राहायचं, एकेक कारण सांगायचं, आणि दुसऱ्याचं ऐकून पटलं तर भिंत बदलायची. भिंत बदलणाऱ्याला सगळ्यांनी टाळ्या द्यायच्या, हे विसरू नका. विषय शाळेच्या वेळेचा घ्या. 2024च्या फेब्रुवारीत शासनाने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मग झोप निघते, डबा ताजा मिळतो. पण आईची ड्युटी आठला असेल तर मूल तासभर कुणाकडे राहणार, आणि रिक्षावाले काका मोठ्यांची खेप आधी करणार की लहानांची? हे सगळं तिसरीतल्या मुलांनी आपणहून सांगितलेलं आहे.

पाचवी ते सातवीला मोजता येईल असा विषय द्या. दप्तराचं ओझं सगळेच देतात, पण वजनकाटा कुणी आणत नाही. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड असू नये, हा नियम आपल्याकडे 2015पासून आहे. किराणा दुकानातून काटा मागून आणा. 28 किलोच्या मुलीच्या पाठीवर साडेचार किलो निघाले, की तिला नियमाचे 2.8 किलो कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. पण ‘ओझं कमी व्हावं’ यावर वाद होत नाही. वाद पुढच्या प्रश्नावर घ्या : पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं असावीत का? 2023मध्ये पुस्तकं भागांत विभागून तशी पानं दिली आणि 2025मध्ये तो निर्णय मागे घेतला. तुमच्या मुलांनी ती पुस्तकं हाताळली आहेत. पानं पुरली का, फाटली का, वही बंद झाली का वहीसुद्धा आणावी लागलीच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? याच वयाला आणखी एक चांगला विषय म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा. तिथे 2022पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. ‘आपल्या गावात असा भोंगा असावा’ म्हटलं की सहावीचा वर्ग दोन मिनिटांत दुभंगतो.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले, ते सांगते.

2017 साल. 1 जूनला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि महिनाअखेरीपर्यंत सरकारने 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखापर्यंत. पाऊस सरत आला तेव्हा आमच्याकडे स्पर्धेचं पत्र आलं. सहावी ते आठवीच्या गटाला विषय होता ‘शेतकऱ्यांना कर्जमाफी देणे योग्य आहे’. विषय वाचून मला आनंदच झाला. खरा निर्णय, ताजा निर्णय, जाणकारांत मतभेद. माझ्या कसोटीला पुरेपूर उतरणारा. मग खाली पाहिलं तर बाजूही तिकडूनच नेमून दिलेली. आमच्या शाळेला प्रतिकूल, म्हणजे कर्जमाफीच्या विरोधात बोलायचं.

पत्र पाठवणाऱ्या कार्यालयात मी फोन केला. म्हटलं, खेड्यातली मुलं आहेत, निदान बाजू शाळेला निवडू द्या. ‘वरून आलंय, बदलता येत नाही. जमत नसेल तर नाव काढून घ्या.’ दुसऱ्या दिवशी समक्ष गेले, अर्ज घेऊन. दीड तास बाकावर बसवून ठेवलं आणि साहेब मीटिंगला गेले म्हणून सांगितलं. अर्जावर कुणी साधी पोचही दिली नाही. त्या कार्यालयाचा राग मला अजून आहे. मुलांच्या नावाने बैठका घ्यायच्या, चहा प्यायचा, आणि सातवीचं पोर काय बोलू शकतं हे एकदाही वर्गात येऊन बघायचं नाही. पण पुढे जे घडलं ते कार्यालयाने केलेलं नाही. मी केलं.

चार दिवस उरले होते. सातवीत एक मुलगा होता, खणखणीत आवाजाचा. मी रात्री बसून त्याला भाषण लिहून दिलं. ‘फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. बुडवणाऱ्याला बक्षीस आणि फेडणाऱ्याला शिक्षा, हा कुठला न्याय?’ या ओळीवर टाळी येईल म्हणून खाली लाल रेघ मारली. मुलगा रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून मोठ्याने पाठ करायचा. त्याचे वडील आत जेवत असायचे. त्याच महिन्यात ते कर्जमाफीच्या ऑनलाइन अर्जासाठी दोनदा तालुक्याला जाऊन रांगेत उभे राहून आले होते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या वर्गातल्या निम्म्या घरांवर सोसायटीचं कर्ज होतं, आणि कुठल्या निम्म्या, तेही मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. चपला बाहेर काढून दारात उभे राहिले. हातात माझे तीन कागद.

‘बाई, हे पोरानं लिहिलं का तुम्ही?’

‘मी लिहिलं.’

‘मग बरं,’ म्हणाले, कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि गेले.

मुलगा स्पर्धेला आला नाही. दहावीपर्यंत तो आमच्याच शाळेत होता. मी पुढे दोनदा विचारलं, आवडीचा विषय तूच निवड म्हटलं. ‘नको बाई.’ तो पुन्हा स्टेजवर चढला नाही.

तेव्हापासून विषय हातात आला की मी तो ओटा आठवते. दोन्ही बाजूंची वाक्यं वर्गातलं प्रत्येक मूल आपल्या घरच्या ओट्यावर मोठ्याने म्हणू शकेल का? एकाला जरी जमणार नसेल तर विषय बाद. कर्जमाफी बाद, दारूबंदी बाद, आरक्षण बाद. शालेय पोषण आहारातलं अंडंसुद्धा मी देत नाही. 2023मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, 2025मध्ये शासनाने त्याचा पैसा थांबवला, म्हणजे पहिल्या कसोटीला विषय पक्का बसतो. पण वर्गात अंड्याचा वाद बघता बघता कोण कुणाच्या घरचं, यावर येतो. हे माझ्या काही सहकाऱ्यांना पटत नाही. मुलांनी अवघड विषयांवर बोलायलाच हवं, असं ते म्हणतात. जरूर बोलावं, पण वर्गात गोल करून, गुण न देता, आणि ज्याला गप्प राहायचंय त्याला गप्प राहू देऊन. चिठ्ठी काढून, माइकसमोर, परीक्षकांपुढे नको.

आठवी ते दहावीला मग काय उरतं? भरपूर. बैलगाडा शर्यत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्ये बंदी घातली, 2021च्या डिसेंबरात अटींसह परवानगी दिली, 2023मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. दहीहंडीच्या थरांची उंची आणि गोविंदांचं वय, यावर 2014पासून न्यायालयात किती फेऱ्या झाल्या! 16 वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमं बंद करण्याचा ऑस्ट्रेलियाचा कायदा 2025च्या डिसेंबरात लागू झाला. त्यावर दहावीची मुलं तुम्हाला थांबवावी लागतील इतकं बोलतात. पाचवी-आठवीत नापास करावं का, हाही उत्तम विषय, पण नापास होऊन वर्गात बसलेलं मूल असेल तर त्या वर्षी नको. आणि दरवर्षी एक विषय मी टिळक-आगरकरांचा ठेवायचे : आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा? 1882मध्ये दोघं डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते, आणि 1888मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला तो वेगळी वाट धरूनच. एवढ्या जवळच्या मित्रांचंही पटलं नाही, हे मुलांना फार भावतं.

बाजू आधीपासून नेमू नका. दोन्ही बाजूंची तयारी करून यायला सांगा आणि चिठ्ठी अर्धा तास आधी काढा. भाषण लिहून देऊ नका, पालकांनाही देऊ देऊ नका. मुलाने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच मुद्दे आपल्या अक्षरात आणायचे, बस्स. खंडनाला, म्हणजे समोरच्याचा मुद्दा खोडून काढण्याला, शंभरातले चाळीस गुण ठेवा, म्हणजे पाठांतर आपोआप मागे पडतं. आणि विवेकानंद, कलाम यांच्या नावावर जे वाट्टेल ते खपवलं जातं ते बंद करा. वाक्य कुठल्या पुस्तकातलं हे सांगता आलं तरच गुण. ही फॉरवर्डमधली वाक्यं मुलांना बहुतेक वेळा आपणच शिक्षक पुरवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या त्या मुलीला उद्याच सांगा की तुझा विषय बदलला. कार्यालयाची परवानगी नंतर मागा. फोन करू नका, लेखी द्या, सोबत गटवार पर्यायी विषय जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका. नाहीच ऐकलं तर लहान गटाचं नाव काढून घ्या. मला तसं सांगितलं होतं तेव्हा मी ते काढायला हवं होतं.

मोठ्या गटात शेतीवाडीतली मुलं किती आणि बाजारपेठेतली किती, ते कळवलंत तर आठवी-दहावीसाठी आणखी चार विषय सुचवते. आणि चौथीतली ती मुलगी कुठल्या भिंतीशी उभी राहिली, तेही नक्की लिहा.