जुना सोफा कुठे जाणार, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घर फर्निश्ड घेतलंय, मालकांचा सोफा बसलेला आहे, गादीवर झोपून पाठ धरते, तेव्हा हे सगळं टाकून स्वतःचं सामान आणलं तर चालेल का?

टाकून देणं नाही चालणार. तुमच्या लेखी तो सोफा भंगार असेल, पण तो तुमचा नाही. आणि "त्याहून चांगला आणून ठेवतोय, मग मालक कशाला बोलतील" असं जे तुम्ही शेवटी लिहिलंय, ते हमखास अंगाशी येतं. मालकांना तुमचा नवा सोफा नको असू शकतो. आणि आवडलाच, तर घर सोडताना तो तुमच्या टेम्पोत चढणार की तिथेच राहणार, यावरून वेगळी वादावादी.

त्यामुळे नवं काय घ्यायचं हे नंतर बघा. आधी मालकांनाच विचारा, "जुनं तुम्ही घेऊन जाता का?" बरेच जण तयार होतात, कुणाच्या तरी घरी ते लागणारच असतं. नेण्याचा खर्च तुम्ही देऊ केलात तर काम लवकर होतं, आणि तो खर्च पुढच्या कटकटीपेक्षा कमीच असतो. "टाकून द्या हो, जुनंच आहे" असं ते फोनवर म्हणाले, तर तेवढ्यावर हलू नका. तेच वाक्य मेसेजवर घ्या, आणि भंगारात काही पैसे आले तर ते त्यांना द्या.

खरी मेख आहे ती "राहू दे तिथेच, तुम्हीच कुठेतरी ठेवा" या उत्तरात. मी यात पोळलोय. पहिल्या भाड्याच्या घरात मालकांचा डबल बेड सोडवून आतल्या खोलीत ठेवला. गादीवर धूळ नको म्हणून प्लास्टिक घट्ट गुंडाळलं आणि ती भिंतीला उभी टेकवली. फार शहाणपणाने वागतोय असं तेव्हा वाटलं होतं. दीड वर्षाने प्लास्टिक काढलं तर भिंतीकडच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके, आणि गादी कमरेत वाकलेली. बेडचे चार बोल्ट तर मिळालेच नाहीत. डिपॉझिटमधून पैसे कापले गेले आणि मला तोंड उघडायला जागा नव्हती. त्याच गादीवर मी दीड वर्ष झोपलो असतो, तर ती दबली म्हणून कुणी बोललं नसतं, ती वापरातली झीज. पण न वापरता, बांधून ठेवून खराब केलेल्या वस्तूला झीज कोण म्हणणार? म्हणजे सामान बाजूला काढलं की जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

ठेवायचंच झालं तर गादी आडवी ठेवा, जमिनीपासून थोडी वर, आणि प्लास्टिकऐवजी जुन्या सुती चादरीत, म्हणजे हवा खेळती राहते. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीपासून सगळंच लांब. अधूनमधून उघडून बघा. बोल्ट आणि चाव्या पिशवीत घालून ती पिशवी त्याच वस्तूला बांधा, आणि सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर मात्र शक्यतो सोडवूच नका. स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात तो पुन्हा तसा धरत नाही, आणि परत जोडलेलं कपाट डुलायला लागतं. फ्रिज बंद करून ठेवणार असाल तर पुसून कोरडा करा आणि दार किलकिलं राहू द्या.

करारासोबत सामानाची यादी असेलच. नसली तर आजच करा, फोटोंसकट, आधीचे ओरखडे आणि डाग नीट दिसतील असे. सोफा आत्ताच बसलेला आहे हे आज दाखवून ठेवलंत, तर पुढे तो तुमच्या नावावर लागणार नाही. शिवाय गादी खरंच झोपण्यालायक नसेल, तर बदलून मागायला काय हरकत आहे? भाडं तुम्ही फर्निश्ड घराचं देताय. स्वतःच्या खिशातून आणण्याआधी एकदा विचारून बघा. मागितल्याशिवाय कुणी आपणहून देत नाही.

मेसेज लांबलचक नको. साधारण असं लिहा: "हॉलमधला सोफा आणि बेडरूममधली गादी बदलून माझी आणायचा विचार आहे. फोटो सोबत पाठवतोय. जुन्या वस्तू आपण नेणार, की मी घरातच ठेवू? नवीन वस्तू माझ्या मालकीच्या राहतील आणि घर सोडताना मी त्या नेईन. चालेल का, कळवा." उत्तर येईपर्यंत ऑर्डर देऊ नका. आणि भिंतीला ठोकलेल्या कपाटाचं तुम्ही विचारलंत, तर ते आहे तिथेच राहू द्या. ते काढलं की प्लॅस्टर आणि रंगाचं कामही तुमच्याच गळ्यात पडेल.