इशिरो की इनोशिरो?

‘गॉडझिला’च्या दिग्दर्शकाचं नाव कुठे ‘इशिरो होंडा’ दिसतं, तर कुठे ‘इनोशिरो होंडा’. ही दोन माणसं की एकच, आणि मराठीत काय लिहावं, असा प्रश्न आहे.

माणूस एकच, आणि त्याचं नाव इशिरो. घोळ लिपीचा आहे. जपानीत हे नाव तीन चिन्हांनी लिहितात : रानडुक्कर, चार, मुलगा. १९११ हे तिकडच्या बारा प्राण्यांच्या चक्रातलं रानडुकराचं वर्ष, आणि यामागाता प्रांतातल्या बौद्ध पुरोहिताच्या घरचा हा चौथा मुलगा. म्हणजे अर्धी पत्रिका नावातच!

आता चिन्ह एक आणि उच्चार अनेक, ही जपानीची नेहमीची गंमत. आपणही २ हा आकडा एरवी ‘दोन’ वाचतो, पण पाढा म्हणताना ‘बे’. रानडुकराला जुना शब्द नुसता ‘इ’. रोजच्या बोलण्यात ‘इनोशिशी’. त्यातला ‘नो’ म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. काही आडनावांत हे चिन्ह ‘इनो’ असंही वाचतात, त्यामुळे ‘इनोशिरो’ हा तर्क अगदीच अडाणी नव्हे. अमेरिकेत गेलेल्या प्रतींच्या श्रेयनामावलीत तोच छापला गेला आणि चिकटला.

आडनावाचं म्हणाल तर जपानी उच्चार ‘होंदा’च्या जवळचा, दात लावून म्हणायचा ‘द’. आपल्याकडे मोटारसायकलीमुळे ‘ड’ रुजला. त्या कंपनीच्या नावातलं दुसरं चिन्ह भातशेताचं, दिग्दर्शकाच्या नावातलं ‘पुष्कळ’ अशा अर्थाचं. उच्चार सारखा, आडनावं वेगळी. मी स्वतः ‘इशिरो होंदा’ लिहीन. शेवटचा ‘रो’ जपानीत दीर्घ आहे, पण मराठी ‘ओ’ मुळातच दीर्घ, तेव्हा अवग्रहाची गरज नाही.

१९३३मध्ये स्टुडिओत उमेदवारीला लागलेल्या या माणसाची कितीतरी वर्षं सैन्यात गेली. १९४६मध्ये चीनहून परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिलं. १९५४चा ‘गोजिरा’, म्हणजे मूळ जपानी ‘गॉडझिला’, त्या आठवणीसकट पाहावा. (‘गोजिरा’ हा गोरिला आणि ‘कुजिरा’, म्हणजे देवमासा, यांचा जोडशब्द, मराठी ‘गोजिरा’शी संबंध नाही, अर्थ तर नेमका उलटा.) दिग्दर्शक म्हणून शेवटचा चित्रपट १९७५चा, तोही गॉडझिलाचाच. पुढे जुने मित्र अकिरा कुरोसावा यांच्या ‘कागेमुशा’पासून ‘मादादायो’पर्यंतच्या पाचही चित्रपटांत ते साहाय्यक म्हणून राबले. १९९३मध्ये गेले.

जुन्या प्रतीवर ‘इनोशिरो’ दिसलं, तर उद्धृत करताना तसंच ठेवा. स्वतः लिहिताना मात्र ‘इशिरो’.